माडीच्या घराचा खांदा

कार्मेन मिस्किटाला कुणी ‘हे जमणार नाही’ म्हटलं, की ती त्या माणसाकडे नुसतं बघायची. बघणं असं, की समोरचा आपणहून म्हणायचा, बरं, बघू या, जमेलही. अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात तिने वीस-बावीस वर्षं बँक्वेटचं खातं सांभाळलं होतं. एकदा तर ऐन लग्नात नवरामुलगा पळून गेला, तरी कार्मेनचं जेवण ठरल्या वेळेला लागलं आणि पाहुणे पोटभर जेवून, नवऱ्यामुलाला शिव्या घालत घरी गेले. अशी बाई. तेव्हा गावातलं वडिलोपार्जित माडीचं घर नीट करायचं, वर चार खोल्या राहायला आणि खाली खानावळ काढायची, हे तिच्या डोक्यात आलं तेव्हा तिने कुणाचा सल्ला घेतला नाही. भावंडं परदेशात होती. त्यांनी फोनवर हो म्हटलं आणि विषय संपवला.

बोरिवलीहून गोराईच्या धक्क्यावर यायचं, होडीने खाडी पार करायची, रिक्षाने थोडं आत गेलं की त्यांचं गाव. सगळी जुनी ख्रिस्ती वस्ती, घरात मराठी बोलणारी. आधी खालची पाखाडी लागते, म्हणजे घरांची आळी. मग चढ सुरू होतो, आणि चढाच्या टोकाला चर्च, चर्चच्या मागे दफनभूमी. माडीचं घर बरोबर मध्ये, जिथून चढ लागतो तिथे, रस्त्याला अगदी लागून. कार्मेनच्या पणजोबांनी ते बांधलं. वडील नोकरीसाठी अंधेरीला गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. ते अंधेरीतच वारले, तिथेच त्यांना पुरलं. घराला कुलूप लागलं ते लागलंच. तिला गाव आठवायचं ते फणसाचा वास आणि डास, एवढंच.

दोन वर्षं तिने त्या घराशी कुस्ती केली. जोडीला मुलुंडची संघमित्रा, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतली आर्किटेक्ट आणि कार्मेनची कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघी रोज भांडायच्या. कार्मेनला सगळं लवकर हवं, संघमित्राला सगळं जुन्यासारखं हवं. सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. वाळवीने खाल्लेले वासे बदलले, कौलं एकेक काढून, धुऊन परत चढवली. बाहेरून माडीवर जाणारा लाकडी जिना मोडायला आला होता, तो पायरी-पायरीने उभा केला. शेवटचा रंग झाला त्या दिवशी संध्याकाळी दोघी रस्त्यात उभ्या राहून घराकडे बघत राहिल्या. काय घर दिसत होतं, झकास! संघमित्रा एवढी कडक बाई, पण तिचेही डोळे भरून आले.

भांडणात एकच मुद्दा कार्मेनने दादागिरी करून जिंकला होता. पुढच्या ओट्यावर, रस्त्याच्या बाजूला, दोन दगडी पायांवर आडवी टाकलेली एक लांबच लांब काळी शिळा होती. माणूस आडवा झोपला तर मावेल एवढी. कार्मेन तिला बाक म्हणायची. तिथून खालची पाखाडी, तिच्यापलीकडची भातशेती आणि खाडी, सगळं दिसायचं. वारा तर असा, की पंख्याची गरज नाही. सगळ्या घरातली सगळ्यात सुंदर जागा तीच, आणि तिथे कार्मेनला आठ माणसांचं टेबल हवं होतं. संघमित्रा म्हणाली, शेजारी मांड ना टेबल, दगडाला भोकं कशाला पाडतेस? कार्मेन म्हणाली, शेजारी मांडलं तर रस्त्यावर येईल. तिने सागवानाची जाडजूड फळी आणली, शिळेला चार भोकं पाडली, केमिकल ओतून बोल्ट पक्के बसवले. वर हत्ती नाचला तरी हलणार नाही, असं ती कौतुकाने सांगायची. इंटरनेटवर जाहिरात टाकली त्यात पहिला फोटो त्याच टेबलाचा.

गावाचं म्हणाल तर गाव गप्प होतं. आजूबाजूला रिसॉर्ट निघाले होते, त्यांचा शनिवार-रविवारचा धिंगाणा लोकांनी सोसला होता. त्यामुळे मिस्किटांची पोरगी पण तेच करणार, असं लोकांनी धरून ठेवलेलं. वाईट कुणी वागलं नाही. कामाला माणसं आली. प्लंबिंग आणि वायरिंग सगळं गावच्या डेल्रॉयने केलं, आणि चोख केलं. पण दुपारी डबा खायला तो आणि त्याची माणसं मागच्या अंगणात जमिनीवर बसायची. ओट्यावर एवढी सावली, एवढा वारा, तिकडे कुणी फिरकायचं नाही. कार्मेनला वाटलं, मालकिणीचा मान ठेवतात. बिचारीला तेव्हा बरंही वाटलं.

येऊन बोलायचे ते एकटे बेनेडिक्ट अंकल. गाव त्यांना बेनी म्हणायचं. आधी भातशेती, मग बेस्टमध्ये कंडक्टर, आता ऐंशीच्या पुढे. रोज संध्याकाळी काठी टेकत यायचे आणि ओट्याच्या पायरीवर बसायचे. कार्मेन शिळेवर चहाचा कप घेऊन मांडी घालून बसलेली. अंकल, वर या, ती म्हणायची. नको गो बाय, पायरी बरी, ते म्हणायचे. तिच्या वडिलांच्या गोष्टी सांगायचे, कुठल्या झाडावरून पडला, कुणाच्या कोंबड्या चोरल्या. कार्मेनला बाप परत मिळाल्यासारखं वाटायचं, आणि ते ती बोलूनही दाखवायची. बोल्ट मारायच्या आदल्या आठवड्यात ते म्हणाले होते, टेबल आत घे, इथं दुपारी ऊन येतं. तिने मोठी छत्री मागवली. मग म्हणाले, पावसाचं पाणी उडतं. तिने वर पत्र्याची पन्हळ लावून घेतली. पुढे ते काही बोलले नाहीत. टेबल बसलं तेव्हा तिने त्यांना सांगून टाकलं, “अंकल, उद्घाटनाला या जागेवर पहिले तुम्ही. तुमच्याआधी कुणालाही बसू देणार नाही.” ते हसले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून घरी गेले.

अडलं होतं ते सिंथियापाशी. सिंथिया बेनी अंकलची मुलगी, कार्मेनच्याच वयाची, नवऱ्यामागे वडिलांपाशीच राहणारी. गावातल्या प्रत्येक लग्नाचा स्वयंपाक तिच्या हातचा. वर्षभरासाठी बाटलीत भरून ठेवायच्या घरच्या मसाल्याचं, म्हणजे बाटलीतल्या मसाल्याचं मटण करावं तर तिने, फुगे तळावेत तर तिने. फुगे म्हणजे मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोल, पोकळ, तळलेले पाव. जमले तर ढग आणि फसले तर रबर. कार्मेनने हॉटेलातले मोठमोठे शेफ पाहिलेले, पण सिंथियाचे फुगे खाल्ल्यावर तिने दुसरं नाव घेतलं नाही. सिंथियाही तयार झाली. दोन बायका मदतीला मागितल्या, चुलीची जागा स्वतः ठरवली. फक्त एक अट घातली. समोरच्या टेबलावर तिच्या हातचं ताट जाणार नाही.

कार्मेनने कारण विचारलं. सिंथिया म्हणाली, कारण नाय सांगत. कार्मेनने प्रेमाने विचारलं, चिडून विचारलं, मग म्हणाली, बरं, तू आतच थांब, ताटं न्यायला मी माणसं ठेवते. सिंथिया म्हणाली, ताटं कोण नेतो त्याचा प्रश्न नाय, ताटात माझ्या हातचं नसेल. कार्मेनला वाटलं, ही नखरे करतेय. असे नखरे तिने पुष्कळ उतरवले होते. उद्घाटन होऊ दे, आठ दिवसांत येईल वळणावर, असं ती संघमित्राला छातीठोक सांगत होती.

उद्घाटन शनिवारी दुपारी होतं. पाहुणे ठरलेले, त्यात एका मोठ्या वर्तमानपत्रात खाण्याविषयी लिहिणारे गृहस्थही होते. त्यांची तारीख मिळवायला कार्मेनने सहा महिने खटपट केली होती. आणि शुक्रवारी सकाळी बेनी अंकल गेले. चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि बसल्या जागी गेले.

कार्मेन धावत गेली, रडली, सिंथियाला मिठी मारली. उद्घाटनाचा विषय निघालाच नाही, तो काढायची तिची हिंमतही झाली नाही. दुपारी ती घरी आली तर ओट्याखाली डेल्रॉय उभा. गावात कुणाचं मरण झालं की पेटी खांद्यावर न्यायला जी माणसं लागतात, ती जमवायचं काम त्याच्याकडे. तो इकडे-तिकडे बघत म्हणाला, उद्या सकाळी अंकलना नेणार. पण मॅडम, तुम्ही काळजी करू नका, आम्ही मागच्या शेताच्या रस्त्याने टेम्पोतून नेऊ. तुमच्या पाहुण्यांना काही त्रास होणार नाही.

कार्मेन म्हणाली, टेम्पोतून का? सरळ रस्ता हा समोरून जातो ना? तिने परत विचारलं. तो म्हणाला, जाऊ द्या ना. आता कार्मेनला ‘जाऊ द्या’ म्हणणं म्हणजे झालंच. तिने त्याला पायरीवर बसवलं आणि सगळं बोलतं केलं.

तो दगड म्हणजे विसावा होता. खालच्या पाखाडीतून कुणाचीही पेटी निघाली की चढाच्या आधी त्या शिळेवर ठेवायची. एक प्रार्थना म्हणायची. माडीच्या घरातल्यांनी खांदेकऱ्यांना पाणी द्यायचं. आणि तिथून वर चर्चपर्यंत चार खांद्यांतला एक खांदा त्या घरातल्या माणसाने द्यायचा, मेलेला श्रीमंत असो की भिकारी. तिच्या पणजोबांनी ती शिळा त्यासाठीच बसवली होती. घराला कुलूप लागलं तरी पेट्या तिथेच थांबत राहिल्या. पाणी शेजारून यायचं. आणि घराचा तो एक खांदा, तिचे वडील गाव सोडून गेल्यापासून, बेनी अंकल द्यायचे. त्यांच्या दोस्ताच्या वतीने. कार्मेनचं काम सुरू व्हायच्या आधी खालच्या पाखाडीत शेवटचं मरण झालं, तेव्हाही दिला, गुडघे गेले तरी.

कार्मेनच्या कानशिलात कुणी वाजवल्यासारखं झालं. ती भडकली, आणि आधी भडकली ती गावावर. दोन वर्षं इथे राबते आहे मी, रोज तुमच्यासमोर त्या दगडावर बसून चहा पिते, आणि एकाला तोंड उघडता येऊ नये? डेल्रॉय म्हणाला, ते कुणी सांगत नाही मॅडम. घरच्यांना जाऊन ‘तुमचा दगड मोकळा ठेवा’ म्हणणं म्हणजे मरण मागायला जाण्यासारखं. घरच्यांना ते माहीतच असतं. एवढं बोलून तो उठला, कारण पुढचं वाक्य त्यालाही बोलवेना. घरच्यांना माहीत असतं, आणि हिला माहीत नव्हतं. मग ही कुठल्या घरची?

तेव्हा कार्मेनला कळलं की आपण दोन वर्षं खपून भिंती उभ्या केल्या, कौलं चढवली, आणि घर अजून आपल्या हातात आलेलंच नाही. उद्या बेनी अंकल मागच्या रस्त्याने गेले, तर परवापासून सगळेच मागच्या रस्त्याने जातील. भांडण नाही, तंटा नाही. लोक गोड बोलतील, कामाला येतील, आणि माडीचं घर त्यांच्या लेखी एक रिसॉर्ट होऊन जाईल. तिला हॉटेल काढायचंच होतं. पण ते आपल्या घरात काढायचं होतं.

ती तशीच परत सिंथियाकडे गेली. बायका बसल्या होत्या, त्या जराशा सरकल्या. कार्मेन जमिनीवर सिंथियाच्या समोर बसली आणि तिने सरळ विषयाला हात घातला.

“उद्या अंकलना समोरून आणायचं. माझ्या ओट्यावर थांबायचं.”

सिंथिया म्हणाली, “तिथं तुझं टेबल हाय.”

“सकाळी नसेल.”

“आणि पाहुणे?”

“पाहुणे मी बघते. ते माझं काम आहे, माझा जन्म त्यात गेलाय.”

सिंथियाने डोळे पुसले. मग ती जे बोलली ते ऐकून बाजूच्या बायकांनीही माना खाली घातल्या. “पप्पानीच सांगून ठेवलंय गो. मला मागच्या रस्त्यानं न्या, म्हणाला. पोरीनं एवढ्या हौसेनं मांडलंय, मोडू नका. घर उघडलंय तेच पुष्कळ.”

कार्मेनला तिथेच रडू फुटलं. रडू म्हणजे अगदी लहान मुलासारखं, नाक ओढत. सिंथियाने तिला रडू दिलं. मग कार्मेन उठली, पदराला हात पुसावेत तसे तिने कुर्त्याला पुसले, आणि म्हणाली, “त्यांनी सांगितलं ते त्यांच्या मनाचा मोठेपणा. पण मी अंकलना पहिली जागा कबूल केली होती. ती मी देणार. तुम्ही समोरून या.”

बाहेर पडल्या पडल्या तिने फोन लावायला घेतले. आयुष्यात तिने एकही जेवण रद्द केलं नव्हतं, नवरामुलगा पळाला तरी नाही. आता एकेकाला सांगत गेली, गावात मरण झालंय, आमच्या घरचं आहे, उद्या जेवण नाही, पुढचा शनिवार. बहुतेकांनी समजून घेतलं. वर्तमानपत्रातले गृहस्थ म्हणाले, पुढच्या शनिवारी ते दिल्लीला असतील, आणि नंतरचं आता सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं, गेले ते तुमचे कोण? कार्मेन म्हणाली, माझे काका. आणि फोन ठेवला. सहा महिन्यांची खटपट एका मिनिटात गेली, पण तिला त्याचं वाईट वाटायला वेळच नव्हता. हत्ती नाचला तरी न हलणारं ते टेबल उपटायचं होतं.

ते कुठलं हलतंय! नट गंजलेले नव्हते, पण तिनेच वरून केमिकल ओतून ते कायमचे बंद केले होते. तिने पाना लावून जोर केला, हाताची साल निघाली. संघमित्रा निरोप मिळताच मुलुंडहून निघाली होती. तिने येऊन बघितलं, आणि ‘मी सांगितलं होतं’ हे तीन शब्द ती बोलली नाही. त्यासाठी कार्मेनने तिला मनातल्या मनात पुढची दहा भांडणं माफ केली. अंधार पडायच्या आत डेल्रॉय कापायचं मशीन घेऊन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने बोल्ट दगडाच्या बरोबरीने कापून काढले, ठिणग्या पार रस्त्यापर्यंत उडाल्या. फळी उतरवायला पाखाडीतली चार माणसं आली. ज्या ओट्यावर दोन वर्षांत गावातलं कुणी आपणहून चढलं नव्हतं, तिथे आता लोक चढले होते. फळी उतरली तेव्हा खाली शिळा पहिल्यासारखी काळीभोर निघाली, फक्त चार ठिकाणी लोखंडाचे चकचकीत गोल राहिले. ते आता जाणार नव्हते. कार्मेनने ते अंगठ्याने घासून बघितले आणि म्हणाली, राहू देत, माझं नाक कापल्याची आठवण. डेल्रॉय पहिल्यांदाच तिच्यासमोर मोकळा हसला.

सकाळी तिने शिळा विहिरीच्या पाण्याने धुतली. उद्घाटनासाठी कांजी करून, कडक इस्त्री करून ठेवलेली पांढरी टेबलक्लॉथं होती. त्यातलं सगळ्यात मोठं तिने शिळेवर अंथरलं. पितळेचे तांबे भरून पायरीवर मांडले, शेजारी पेले ठेवले. मग काळा ड्रेस घालून दारात उभी राहिली. आयुष्यात हजार वेळा पाहुण्यांची वाट बघत दारात उभी राहिली होती ती, पण आज तिची नजर सारखी खालच्या वळणाकडे जात होती. लोक खरंच समोरून येतील की शेवटच्या क्षणी मागे वळतील, तिला खात्री नव्हती.

खालून प्रार्थनेचे सूर आले. मग वळणावर क्रूस दिसला, मग फादर, मग पेटी. टेम्पो कुठेच नव्हता. अख्खी पाखाडी मागे चालत होती. ओट्यापाशी आल्यावर डेल्रॉयने बाकीच्या तिघांना खूण केली, आणि त्यांनी बेनी अंकलना हळूच त्या शिळेवर ठेवलं. पेटी बरोबर मावली. फादरनी प्रार्थना सुरू केली, लोक म्हणू लागले. कार्मेनने पेटीवर हात ठेवला आणि अगदी हळू, स्वतःलाच ऐकू येईल एवढं म्हणाली, “अंकल, तुमच्याआधी कुणाला बसू दिलं नाही.”

मग तिने पाणी दिलं. खांदेकऱ्यांना दिलं, फादरना दिलं, शेवटी सिंथियापुढे पेला धरला. सिंथियाने एक क्षण तिच्याकडे बघितलं, सालटं निघालेल्या तिच्या हाताकडे बघितलं, आणि पाणी पिऊन पेला रिकामा करून परत दिला.

पेटी उचलायची वेळ झाली. तिघे जण वाकले. मागची डावी बाजू रिकामीच राहिली. खालून ती बाजू धरून आलेला तरुण शिरस्त्याप्रमाणे मागे सरला होता, कारण इथून वर तो खांदा घराचा. इतकी वर्षं तिथे कोण उभं राहायचं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि तो माणूस आज पेटीत होता. दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. पेटीला बाईने खांदा दिल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. डेल्रॉय सिंथियाकडे बघत राहिला.

कार्मेनने तांब्या पायरीवर ठेवला, चपला काढल्या आणि ती त्या रिकाम्या जागी जाऊन उभी राहिली.

डेल्रॉय म्हणाला, “मॅडम, चढ आहे. जड जाईल.”

उत्तर सिंथियाने दिलं. “मॅडम काय म्हणतोस तिला? घरची हाय ती. उचला.”

कार्मेन वाकली, कडी धरली आणि चौघांनी मिळून पेटी खांद्यावर घेतली. वजन तिच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त होतं. पहिल्या पावलाला ती जराशी डगमगली, मागून कुणीतरी तिच्या पाठीला हात लावला, आणि मग चढ सुरू झाला.